दूध कुठं गेलं?

मागच्या श्रावणात यवतमाळला शिक्षक आणि समुपदेशकांच्या एका शिबिरात मागच्या बाकावर बसलो होतो. पडद्यावर पाच पट्ट्यांचा त्रिकोण होता. तळाला भूक-तहान, तिच्यावर सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मानसन्मान आणि टोकावर आत्मसिद्धी. वक्ते अभ्यासू होते, बोलणंही गोड. मलय लोककथांपासून त्यांनी सुरुवात केली आणि हिंडत हिंडत ते आपल्या सोमवारच्या कहाणीपर्यंत आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : देश कोणताही असो, जुन्या गोष्टी म्हणजे माणसाच्या मानसिक गरजांचा आरसा. गोष्ट उकलायची, आतली गरज ओळखायची आणि दुःखी माणसाला धीर देताना तिचा उपयोग करायचा. नंतर एक कागद वाटला गेला. डाव्या रकान्यात गोष्टीचं नाव, उजव्यात गरज. नमुना म्हणून पहिली ओळ भरलेलीच होती. खुलभर दुधाची कहाणी, आणि तिच्यासमोर 'म्हातारी : मानसन्मानाची गरज'.

बाकीच्या ओळी मी कोऱ्याच ठेवल्या. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे. वक्त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण हे मत आता शिबिरांतून, पाठ्यपुस्तकांच्या मार्गदर्शिकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून इतकं सर्रास फिरतंय की त्याला कोणीतरी उत्तर द्यायला हवं. यवतमाळात तर हवंच.

आधी ती कहाणी आठवू. राजाच्या मनात येतं की महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली जाते : सोमवारी प्रत्येकानं घरातलं सगळं दूध देवळात आणून घालावं. लोक धास्तावतात. त्या दिवशी कोणी वासराला पाजत नाही, लेकरालाही घोटभर देत नाही. गावचं सगळं दूध गाभाऱ्यात ओतलं जातं, तरी गाभारा भरत नाही. त्याच गावात एक म्हातारी असते. ती घरचं काम आवरते, लेकरांना खाऊपिऊ घालते, लेकीसुनांचं पोट भरलं का ते बघते, गाईवासरांना चारापाणी करते. हे सगळं झाल्यावर उरलेलं खुलभर, म्हणजे लहानशा भांड्यात मावेल एवढं दूध घेऊन ती भरदुपारी देवळात जाते आणि मनोभावे वाहते. गाभारा काठोकाठ भरतो. हे घडतं कसं, ते राजाला कळत नाही. अखेर तो स्वतः पाळतीवर बसतो आणि म्हातारीला हटकतो. म्हातारी भिते. आधी अभय मागते. अभय मिळाल्यावर सांगते ते असं : तुझ्या हुकमानं लेकरं आणि वासरं तळमळत राहिली, ते तळमळणं देवाला आवडलं नाही.

आता उजव्या रकान्यातलं उत्तर पुन्हा वाचा : मानसन्मानाची गरज. या उत्तरात राजा कुठं आहे? दवंडी कुठं आहे? त्या दिवशी उपाशी राहिलेलं वासरू कुठं आहे? आणि म्हातारीनं मागितलेलं अभय? मान हवा असलेला माणूस बोलण्याआधी अभय मागत नाही. ज्याला खरं बोलायचंय आणि ते बोलल्याबद्दल शिक्षा होईल हे ज्याला ठाऊक आहे, तो अभय मागतो. साऱ्या कहाणीचा सांधा त्या एका शब्दात आहे, आणि रकान्यात नेमका तोच शब्द गळाला.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. आपल्या गोष्टी गरजा दाखवत बसत नाहीत, त्या फिर्याद मांडतात. गरज म्हटली की बोट उणीव असलेल्या माणसाकडे वळतं, हिच्यात काय कमी आहे ते बघा. फिर्याद म्हटली की बोट देणेकऱ्याकडे वळतं, हिचं काय कुणाकडे अडकलंय ते बघा. कहाणी ऐकणारी बाई हा फरक जाणते. तो ठाऊक नाही फक्त त्रिकोणाला.

त्रिकोणाबद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लोनं गरजांच्या श्रेणीचा निबंध 1943 साली लिहिला, पण त्या निबंधात त्रिकोण नाही. तो पुढे व्यवस्थापनाच्या वर्गांतून आणि सल्लागारांच्या तक्त्यांतून आला. मॅस्लोनं बरेच 'पण' आणि 'परंतु' लिहिले होते. या गरजा काटेकोर पायऱ्यांसारख्या नसतात, पुढे-मागे होतात, हेही त्यानं मान्य केलं होतं. चित्रात ते सगळं गेलं आणि जिना तेवढा राहिला. त्या जिन्यानं म्हातारी मोजली तर ती बसतच नाही. खालची पायरी भरल्यावर माणूस वरची चढतो, असं जिना सांगतो. म्हातारी देवासाठी निघाली आहे, म्हणजे थेट वरच्या टोकाकडे. पण निघण्याआधी ती स्वतःची भूक बघत नाही, दुसऱ्यांची बघते. हा क्रम गरजांचा नव्हे, हिशेबाचा आहे. आधी ज्याचं त्याला, मग देवाला. राजानं हाच क्रम उलटा केला होता.

आता समोरच्या पक्षाचं जे खरं आहे ते मान्य करू. नाकारून काही मिळायचं नाही. गोष्टींनी धीर येतो, हे खरंच. आजारी लेकरू गोष्टीवर झोपतं, एकट्या माणसाला गोष्टीची सोबत होते. बालमानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटेलहाइमनं 1976 च्या आपल्या पुस्तकात युरोपातल्या परीकथा मुलांच्या मनातली भीती कशी हाताळतात ते सविस्तर दाखवलं. त्याच्या मांडणीवर पुढं बरीच टीका झाली, पण मूळ निरीक्षण अगदीच खोटं म्हणता येणार नाही. आपल्याकडे शिवामुठीच्या कहाणीत नावडती सून आहे. तिला माया हवी आहे, आणि श्रावणी सोमवारी मूठभर धान्य वाहताना नावडतीची आवडती व्हायचं मागणं ती देवाकडे घालते. इथं आपलेपणाची गरज नाही असं मी म्हटलं तर वाचक हसतील.

पण ही कहाणी नीट ऐकली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. नावडतीच्या दुःखाचं वर्णन कहाणी भावनेच्या शब्दांत करत नाही, यादी करते. खायला इतरांच्या पानातलं उरलेलं, अंगावर जाडंभरडं, निजायला गुरांचा गोठा, कामाला गुरं राखणं. ही यादी पंचनाम्यासारखी आहे. जे तिचं देणं होतं ते दिलं गेलं नाही, असं ती सांगते. आमच्या इकडची कोणी मावशी ही कहाणी सांगते तेव्हा याच यादीवर तिचा आवाज जड होतो. ऐकणाऱ्या बाया मान हलवतात, कारण आपल्या घरातली यादी त्यांना पाठ असते. त्यांच्या मान हलवण्याला तुम्ही 'आपलेपणाची गरज' म्हणणार, की 'साक्ष' म्हणणार?

वक्त्यांनी मलय गोष्टींपासून सुरुवात केली होती, म्हणून तिकडेही जाऊ. मलय मुलुखात 'बातू बेलाह बातू बर्तांगकुप' ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. नावाचा अर्थ साधारण असा, फाकणारा आणि मिटणारा खडक. एका गरीब विधवेला बऱ्याच दिवसांनी मासा मिळतो, आत गाभोळी असते. ती लेकीला बजावते, माझ्यासाठी थोडी ठेव. धाकटा भाऊ रडतो, हट्ट करतो, आणि लेक सगळी गाभोळी त्याला देऊन टाकते. आई परत येते, ताट बघते आणि रानातल्या त्या खडकाकडे निघते. खडक उघडतो आणि तिला गिळतो. मलय भाषेत या भावनेला 'केंपुनान' असा खास शब्द आहे. मागितलेला घास न मिळाला तर माणसावर अरिष्ट येतं, अशी तिथली समजूत. आपल्याकडे हे परकं वाटणार नाही. डोहाळे पुरवायचेच असतात. आणि दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही तर घरचे 'कशात जीव अडकलाय' म्हणून आठवायला लागतात. कुणी हात जोडून सांगतं की थोरल्याच्या पोरीचं लग्न आम्ही करू, मग कावळा शिवतो.

त्रिकोणवाल्यांनी या मलय गोष्टीसमोर अन्नाची गरज लिहिली असती, किंवा फार तर मायेची. पण आई भुकेनं मरत नाही. तिनं वाटा ठेवायला सांगितला होता आणि तो ठेवला गेला नाही. तिला लागलं ते तिचं सांगणं कुणी मोजलं नाही हे. दहाव्याचा कावळाही भुकेला म्हणून अडून बसत नाही. तो घरच्यांकडून शब्द घेतल्याशिवाय शिवत नाही. दोन दूरच्या मुलुखांतल्या या गोष्टी सारख्या वाटतात, पण समान गरजेमुळे नव्हे. दोन्हीकडे राहून गेलेला वाटा मोजला जातो, म्हणून.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. चिऊ-काऊची गोष्ट कोणाला येत नाही? काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दारी येतो. ही गोष्ट 'लीळाचरित्रा'त आहे, म्हणजे मराठीत तिची लेखी नोंद तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. त्या वाङ्मयाशी यवतमाळचं जुनं नातं आहे. य. खु. देशपांडे यांनी इथं शारदाश्रम उभारला, महानुभाव पोथ्या जमवल्या, अभ्यासल्या. म्हणजे ही गोष्ट पोथीतून आणि चुलीपाशी अशा दोन वाटांनी आपल्यापर्यंत आली. कागदावर तिच्यासमोर काय येणार ते सांगायला नको : सुरक्षिततेची गरज.

पण लेकराला ही गोष्ट सांगून बघा. घर वाहून जातं त्या वाक्यापाशी ते फार रमत नाही. दाराशी आल्यावर त्याचे डोळे मोठे होतात. चिऊताई, चिऊताई, दार उघड. थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, काजळ लावते. थांब, झोपवते. काऊ बाहेर भिजतोय, चिऊचं आवरतंय. सगळी गोष्ट या बंद दारावर उभी आहे. माझी आजी इथं मुद्दाम आवाज लांबवायची, आणि आम्ही भावंडं दोन तट करून भांडायचो. चिऊनं दार उघडायला हवं होतं असं निम्म्यांचं म्हणणं, आणि काऊच लबाड, त्याला आत घ्यायचंच नाही असं उरलेल्यांचं. शेवटही घरोघरी वेगळा. कुठं काऊला चटका बसतो, कुठं तो खाऊ फस्त करून पळतो. म्हणजे गोष्ट एक तंटा लेकरांपुढे टाकते आणि निवाडा त्यांच्यावर सोडते. सुरक्षिततेची गरज तर दोघांचीही सारखीच होती. मेणाच्या घरात बसलेल्यानं भिजणाऱ्याला किती वेळ थांबवायचं, हा गोष्टीतला प्रश्न आहे. सातशे वर्षं टिकावा असाच तो आहे.

दुसरं उदाहरण गोंडांचं. जिल्ह्यात गोंड, परधान, कोलाम, आंध या समाजांची मोठी वस्ती आहे. लिंगोची कथा परधान गातात, किंगरीच्या सुरांवर. गुहेत कोंडलेल्या लोकांना लिंगो सोडवतो आणि मग त्यांचे गट पाडतो, देव वाटून देतो, कुणी कुणाशी सोयरीक करावी याचे नियम घालतो. ख्रिस्ती मिशनरी स्टीफन हिस्लॉपनं नागपूर भागात एका परधानाकडून ही कथा घेतली आणि त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपलनं ती 1866 साली छापली. पुढे मोतीरावण कंगालींसारख्या गोंडी अभ्यासकांनी 'पारी कुपार लिंगो'ची मांडणी आपल्या समाजाच्या बाजूनं नव्यानं केली. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेशी ही कथा जोडली जाते आणि माघ पौर्णिमेला तिथं जत्रा भरते.

या कथेसमोर 'स्वातंत्र्याची गरज' असं लिहून मोकळं होता येईल. पण तसं केलं तर कथेचा निम्म्याहून जास्त भाग वाया गेला म्हणायचा. देव किती, कुळी कोणती, सोयरीक कुणाशी, हा काही अलंकार नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीनं 1926 मध्ये म्हटलं होतं की पुराणकथा ही समाजाची सनद असते. सनद हा शब्द आपल्याला नवा नाही, वतनं त्याच शब्दावर चालत. लिंगोची कथा ही गोंडांची सनद आहे, आणि ती गाणाऱ्या परधानाचीही. कारण त्यानं गायचं आणि यजमानानं त्याचं देणं द्यायचं, हा त्यांच्यातला व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या या कथेवरच चालला. सनद गरज सांगत नसते. ती कुणाचं काय आहे ते सांगते.

गरजांच्या वाचनाचा आणखी एक तोटा इथं दिसतो. गरजा सगळ्यांच्या सारख्याच असतील तर कोलामाची गोष्ट कोलामीत ऐकायची गरज काय? भाषांतरात काम भागलं. त्रिकोणाला सगळ्या भाषा सारख्याच. पण एमेनो या कॅनडात जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञाला कोलामीसाठी वऱ्हाडाच्या वेशीवर येऊन बसावं लागलं आणि 1955 साली त्या भाषेचं पुस्तक काढावं लागलं. आपल्या सेतुमाधवराव पगडींनी नोकरी सांभाळून गोंडी आणि कोलामीचा अभ्यास केला. या माणसांना ठाऊक होतं की गोष्टीतला नेमका शब्द हरवला की गोष्टीतला देणेकरी हरवतो. केळापूर, मारेगाव, झरी जामणीच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, आज जो शिक्षक जातो, त्याच्या हातात आपण गरजांचा तक्ता देतोय. द्यायला हवा होता शब्दकोश.

आता जिथं या वादाला धार येते तिथं जाऊ. 19 मार्च 1986 ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानं जीवन संपवलं. तेव्हापासून यवतमाळचं नाव वर्तमानपत्रात कशासाठी येतं ते सांगायला नको. 2006 च्या पावसाळ्यात पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. 2015 मध्ये राज्य सरकारनं शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात हा जिल्हाही होता. समुपदेशन नको असं मी म्हणत नाही. रात्री झोप न लागणाऱ्या माणसाशी कुणी बोललं तर त्याचा जीव वाचतो. जीव वाचणं याहून मोठं काही नाही. त्यासाठी फोन उचलणारी माणसं जिल्ह्यात हवीत, आहेत त्याहून जास्त हवीत.

पण हळूहळू एक उलटफेर झाला. शेतकरी खचला, कारण त्याचं मन कमकुवत. त्याला सकारात्मक विचार शिकवा, त्याच्या गरजा ओळखा, त्याला आपलेपणा द्या. कापसाचा भाव, बोंडअळी, न मिळालेला चुकारा, कृषी केंद्राची उधारी, सावकाराची वही, हे सगळं त्रिकोणाच्या बाहेर राहिलं. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतर्फे श्रीजित मिश्र यांनी 2006 च्या आसपास राज्यातल्या शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास केला. त्यात सगळ्यात ठळक कारण म्हणून कर्जबाजारीपणा पुढे आला. कर्ज ही मानसिक गरज नव्हे. कर्जाला दोन टोकं असतात, घेणारा आणि देणारा. त्रिकोणात फक्त पहिलाच मावतो.

एवढ्यासाठी मी खुलभर दुधाची कहाणी हातची सोडायला तयार नाही. कापसाच्या वावरातून विसाव्या शतकाच्या आरंभी एक अरुंद रुळांची गाडी मूर्तिजापूरकडे निघाली. लोक तिला शकुंतला म्हणतात. ती पांढरं सोनं वाहून न्यायची, मुंबईकडे आणि पुढे समुद्रापार. गाभारा दूर होता, पण दवंडी इथं पिटली जायची. दूध सगळं जातं, तरी गाभारा भरत नाही, आणि वासरू उपाशी. ज्या जिल्ह्यात हे दिसतं तिथल्या म्हातारीला मानसन्मानाची गरज आहे असं म्हणणं मला चेष्टा वाटते, मग ते कितीही प्रेमानं म्हटलेलं असो.

माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा : कहाण्या जर फिर्याद मांडतात तर निकाल काय लागतो? राजाला शिक्षा कुठं होते? नावडतीला छळणारे कुठं तुरुंगात जातात? कहाणी शेवटी देवाच्या कृपेवर सगळं मिटवून टाकते. हा आक्षेप खरा आहे. साठा उत्तरांच्या कहाणीला पाचा उत्तरांत सुफळ करण्याची घाई असते, आणि त्या घाईत अनेक बायकांचं न्याय्य म्हणणं व्रताच्या वाटेनं गप्प केलं गेलं. मी कहाण्यांची पूजा करायला बसलेलो नाही. पण फिर्यादीचा निकाल अर्धवट लागला म्हणून फिर्याद नव्हती असं होत नाही. शिवाय खुलभर दुधाच्या कहाणीत राजाला हुकूम बदलावा लागतो. पुढच्या सोमवारी तो दवंडी पिटवतो की आधी लेकरांना, वासरांना पोटभर द्या आणि मग उरेल ते देवाला. एका म्हातारीच्या जबानीवर राज्याचा हुकूम उलटा फिरतो. एवढा निकाल आपल्या तालुक्याच्या कचेरीत लागला तरी पेढे वाटू.

दुसरा आक्षेप सूक्ष्म आहे. तुम्ही फिर्याद म्हणा, आम्ही मन मोकळं करणं म्हणतो, एकूण एकच. याला ए. के. रामानुजन यांनी 1991 च्या आपल्या भारतीय लोककथांच्या संग्रहात घेतलेली एक तमिळ गोष्ट उत्तर देते. एका विधवेचे दोन मुलगे आणि दोन सुना तिला घालूनपाडून बोलतात. सांगायला कुणी नसतं. ते सगळं पोटात साठून ती फुगत जाते, लोक त्यावरून आणखी चिडवतात. एक दिवस ती गावाबाहेरच्या पडक्या घरात जाते. एका भिंतीसमोर थोरल्या मुलाचं सगळं सांगते. ती भिंत कोसळते आणि म्हातारी थोडी हलकी होते. दुसऱ्या भिंतीला थोरल्या सुनेचं, तिसरीला धाकट्याचं, चौथीला त्याच्या बायकोचं. चारही भिंती पडतात, ती हलकी होऊन घरी जाते.

मन मोकळं झालं, हे खरं. पण गोष्ट नेमकी कशी सांगितली आहे ते बघा. ती 'मी दुःखी आहे' असं चार भिंतींना सांगत नाही. एकेका भिंतीपुढं एकेकाचं नाव घेते. चार जणांचे चार हिशेब. आणि भिंती ऐकून घेत नाहीत, पडतात. ज्या दुःखात देणेकऱ्याचं नाव नाही त्याला भिंत पाडण्याएवढं वजन येत नाही. समुपदेशनाच्या खोलीत हे वजन पोचलं तर मला आनंदच आहे. अडचण अशी की आपण म्हातारीला हलकं करायला निघतो आणि नावं खोडून टाकतो.

वऱ्हाडातल्या पोळ्याला गेलात तर हाच प्रकार उघड्यावर बघायला मिळतो. तोरणाखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या असतात आणि झडत्या, म्हणजे टोमण्यांची लोककवनं, म्हटली जातात. झडतीत सावकाराचं नाव येतं, सरकारचं येतं, कधी त्याच गावच्या पुढाऱ्याचं येतं, आणि तो तिथंच उभा असतो. लोक हसतात, तोही हसतो, कारण त्या दिवशी रागावणं शोभत नाही. याला 'ताण हलका करण्याचा पारंपरिक उपाय' म्हणायचं असेल तर म्हणा. पण ज्याच्यावर झडती आहे त्याला विचारा, त्याचा ताण हलका होतो का.

शेवटचा दाखला त्यामानानं अलीकडचा. जानेवारी 2019 मध्ये 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला झालं. अध्यक्ष होत्या लोकसाहित्याच्या जाणत्या अभ्यासक अरुणा ढेरे. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यानं मोठं वादळ उठलं, आणि उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर लेकरं वाढवणारी कळंब तालुक्यातल्या राजूर गावची ही बाई. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकातही ती होती. त्यात शेतकऱ्यांच्या विधवा स्वतःच रंगमंचावर येऊन आपली गोष्ट सांगतात. तेरवं म्हणजे तेराव्याचा विधी. मेलेल्याचं तेरवं होतं, मग मागं राहिलेलीचं काय, हा प्रश्न त्या नावातच आहे.

या बायकांनी जुन्या कहाणीचं सूत्र बरोबर धरलं. आधी यादी, मग नाव, मग समोर बसलेल्यांना प्रश्न. त्यांना टाळ्या मिळाल्या, सत्कारही झाले. ते ठीकच आहे. पण टाळी वाजवून घरी गेलेल्या प्रेक्षकानं त्यांच्या बोलण्यावर 'मानसन्मानाची गरज' असा शिक्का मारला, तर त्यानं राजाच्या हुकमावरच शिक्का मारला.

म्हणून शिक्षक मित्रांना एवढंच सांगणं. पुढच्या श्रावणात मुलांकडून आजीच्या गोष्टी लिहून आणा. वऱ्हाडीत आणा, गोंडीत, कोलामीत, गोरमाटीत आणा. डावा रकाना तसाच ठेवा. उजव्या रकान्यावरचं 'गरज' खोडा आणि तिथं तीन ओळी आखा : कुणाचं काय गेलं, ते कुणी नेलं, आणि हे सांगण्याआधी सांगणारीला अभय मागावं लागलं का. मुलं बरोबर भरतील. दूध कुठं गेलं ते त्यांना ठाऊक असतं.